वारसाचा वाटा मुदतीआधी देता येतो का? एक्झिक्युटरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांत आजोबांची मृत्युपत्रं बरीचशी एकाच वळणाची असतात. घर आजीला, दागिने सुनांना, आणि नातवंडांच्या नावाने ठराविक रक्कम, 'पंचवीस वर्षं पूर्ण झाल्यावर द्यावी' म्हणून. पुढे आजोबा जातात तेव्हा नातू एकोणीसचा असतो, कॉलेजची फी महिन्याभरात भरायची असते, आणि एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा म्हणून, नाव असलेले मामा किंवा काका फाइल घेऊन आमच्याकडे येतात. खालची उत्तरं या मामा-काकांसाठी आहेत. ती हिंदू मृत्युपत्रांपुरती आहेत. जैन, शीख आणि बौद्ध मंडळींनाही बहुतेक लागू पडतील; मुस्लिम वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत.

एक्झिक्युटरला वाटा आधी द्यायचा अधिकार असतो का?

मृत्युपत्रात लिहिला असेल तर असतो. लिहिला नसेल तर फार थोडा, आणि तोही बहुतेक वेळा कोर्टाच्या दारातून जाणारा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम २११ प्रमाणे मयताची मिळकत एक्झिक्युटरकडे येते, पण ती मृत्युपत्राप्रमाणे वाटण्यासाठी. 'पोराला गरज आहे आणि पैसे त्याचेच आहेत' हे मामांचं म्हणणं माणूस म्हणून बरोबरच असतं. पण पैसे खरंच त्याचे झाले आहेत का, हाच तर मुद्दा असतो.

नातू एकोणीसचा आहे, मृत्युपत्रात पंचवीस लिहिलंय. फी भरायला त्यातले पैसे देऊ का?

आधी ते वाक्य पुन्हा वाचा. मूळ कागदावरून वाचा. 'बाबा असं असं म्हणाले होते' या आठवणीवरून नको. त्या वाक्याची दोन रूपं असतात आणि त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत.

पहिलं रूप: 'नातवाला वीस लाख रुपये देत आहे, रक्कम त्याच्या हाती पंचवीसाव्या वर्षी द्यावी.' इथे देणं झालेलं आहे, फक्त हातात पडणं लांबलं आहे. कलम ११९ प्रमाणे, मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत नसेल तर नातवाचा हक्क आजोबा गेले त्याच दिवशी बसला. तो उद्या अपघातात गेला, तरी ते वीस लाख त्याच्या वारसांना मिळतील.

दुसरं रूप: 'नातू पंचवीस वर्षांचा झाला तर', किंवा 'होईल तेव्हा, वीस लाख द्यावेत.' हा कलम १२० चा मामला. वय पूर्ण होईपर्यंत हक्क अटीवर लटकलेला असतो. नातू चोविसाव्या वर्षी गेला तर रक्कम उरलेल्या मिळकतीत परत जाते, म्हणजे मृत्युपत्रात 'बाकी सर्व' ज्याला दिलं आहे त्याच्याकडे. मधल्या काळात मामांनी फीसाठी सहा लाख दिले असतील, तर ते दुसऱ्याच्या पैशातून दिले असा त्याचा अर्थ होतो, आणि भरपाई मामांकडे मागितली जाऊ शकते.

दुसऱ्या रूपालाही एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच घरांना वाचवतो. त्याच मृत्युपत्रात 'तोपर्यंतचं व्याज त्याच्या शिक्षणाला वापरावं' किंवा 'व्याज त्यालाच द्यावं' असं असेल, तर कलम १२० मधल्याच अपवादाने तो हक्क अटीवरचा राहत नाही. आजोबांनी सहज लिहिलेली ही एक ओळ सगळं चित्र फिरवते. म्हणून फाइल आली की आम्ही व्याजाची ओळ आधी शोधतो.

म्हणजे हक्क बसला असेल तर अठरा पूर्ण झालेला नातू सगळेच पैसे मागू शकतो?

बऱ्याचदा हो, आणि हे ऐकून बहुतेक आजोबांना धक्का बसतो. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याचं कलम ५६ सांगतं की लाभार्थी एकटाच असेल आणि करार करण्यास पात्र असेल, तर तो विश्वस्ताकडून मालमत्ता मागून घेऊ शकतो. त्या कलमाखाली दिलेलं उदाहरणच असं आहे: सरकारी रोख्यांचं व्याज चोविसाव्या वर्षापर्यंत साठवावं आणि मग सगळं द्यावं असं लिहिलं, तरी तो माणूस सज्ञान होताच सगळं लगेच मागू शकतो, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा संबंधच नाही. देणी फेडून नातवाची रक्कम वेगळी काढून ठेवली की मामांची भूमिका विश्वस्ताचीच होते, तेव्हा हे कलम त्यांच्यासमोर येतं.

'दुसऱ्या कुणाचा संबंध नाही' हे मात्र खरं असावं लागतं. 'पंचवीसच्या आत गेला तर रक्कम त्याच्या बहिणीला' असं लिहिलं असेल तर बहिणीचाही त्यात जीव अडकलेला आहे. ती सज्ञान असेल आणि दोघांनी मिळून मागितलं तरच. ती तेरा वर्षांची असेल तर तिची संमती तिची आई सहज देऊन टाकू शकत नाही.

पंचवीस हे वय कायद्यात कुठेही नाही, ते आपल्या मनातलं आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने सज्ञान व्हायला अठरा पुरतात. १८७५ सालीच सयाजीराव महाराज लहान वयात बडोद्याच्या गादीवर आले, दिवाण टी. माधवरावांनी कारभार सांभाळला, आणि १८८१ मध्ये अठराव्या वर्षी महाराजांच्या हाती राज्य दिलं गेलं. ज्या वयात त्यांच्याकडे राज्य आलं, त्या वयात नातवाकडे वीस लाख द्यायला आजोबा घाबरतात. घाबरणं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही; ते मृत्युपत्रात नीट लिहा, एवढंच म्हणतो.

वडिलांना जाऊन चारच महिने झाले. एक वर्ष थांबणं सक्तीचं आहे ना?

सक्तीचं नाही. वारसा कायद्याचं कलम ३३७ एवढंच म्हणतं की वर्ष संपेपर्यंत एक्झिक्युटरवर वाटा देण्याचं बंधन नाही. मृत्युपत्रात 'सहा महिन्यांत द्यावे' असं लिहिलं असलं तरीही नाही. पण वर्षाच्या आत द्यायचं ठरवलं तर मनाईही नाही.

धोका वेगळीकडे आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, घेतलं असेल तर त्याचा आणि मिळकतीच्या कारभाराचा खर्च, मग घरकामाच्या माणसांचा शेवटच्या तीन महिन्यांचा राहिलेला पगार, मग बाकीची कर्जं, आणि त्यानंतर वाटे, असा क्रम कायद्याने घातलेला आहे. चौथ्या महिन्यात सगळी कर्जं कळलेली असतातच असं नाही. धंद्यातल्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. वडिलांनी कुणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलेली असते आणि बँकेचं पत्र आठव्या महिन्यात येतं.

घाईने वाटा देऊन बसलात आणि नंतर बाकीच्यांचे वाटे द्यायला पैसे कमी पडले, तर कलम ३५७ प्रमाणे आपखुशीने दिलेला वाटा तुम्ही परत मागू शकत नाही. ज्याचं कर्ज आहे तो मात्र कलम ३६१ प्रमाणे वाटा घेतलेल्या मुलाकडे जाऊन मागू शकतो. म्हणजे मुलगा सेकंड इयरला असताना त्याच्यावर वसुली. आमचा सल्ला: पहिल्या वर्षात द्यायचंच असेल तर वाट्याचा छोटा भाग द्या, चालू सेमिस्टरपुरता, आणि तोही बँकांची आणि सोसायटीची बाकी लेखी मागवून घेतल्यावर.

मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचा वाटा तिच्या आईला दिला तर चालेल?

मृत्युपत्रात 'आईला द्यावा' असं लिहिलं असेल तर चालेल. काहीच लिहिलं नसेल आणि वाटा लगेच द्यायचा असेल, तर कलम ३४८ प्रमाणे रक्कम जिल्हा न्यायालयात मुलीच्या नावाने भरायची, तिथे ती तिच्यासाठी गुंतवली जाते आणि एक्झिक्युटर मोकळा होतो. आईवर विश्वास नाही असा याचा अर्थ कुणी लावू नये. अठरा झाल्यावर मुलीनेच 'माझे पैसे कुठे गेले?' असं विचारलं, तर आईच्या सहीची चिठ्ठी तुम्हाला पूर्ण वाचवेल याची खात्री नाही.

लहान मुलाच्या शाळा-क्लासच्या खर्चाचं काय? पैसे ट्रस्टमध्ये आहेत.

इथे विश्वस्त कायद्याचं कलम ४१ खूप उपयोगी आहे. अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे मालमत्ता असेल, तर तिच्या उत्पन्नातून, म्हणजे व्याज, भाडं, डिव्हिडंड यांतून, त्याच्या पालनपोषणासाठी, शिक्षणासाठी, आयुष्यात पुढे जाण्यासाठी, धर्मकार्यासाठी, लग्नासाठी विश्वस्त आपल्या विचाराने खर्च करू शकतो. उरलेलं व्याज चक्रवाढीने साठवायचं. मागच्या वर्षांचं साठलेलं व्याजही नंतर याच कामांसाठी काढता येतं.

मुद्दलाला मात्र हात लावायचा नाही. व्याज पुरत नसेल आणि मुद्दलच मोडायचं असेल तर कोर्टाची परवानगी हवी. कायद्याचे शब्दच 'परवानगीने, अन्यथा नाही' असे रोखठोक आहेत. दहा लाखांची एफडी सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार देते. शाळेची फी, क्लास, पुस्तकं त्यात कशीबशी बसतात. खासगी मेडिकल कॉलेज बसत नाही. तिथे अर्ज करावाच लागतो.

हा अर्ज कुठे करायचा?

जिल्हा न्यायालयात. सुरसागरसमोरच्या न्यायमंदिराच्या इमारतीत आता कोर्ट भरत नाही, ते दिवाळीपुऱ्याला गेलं. जुनी मंडळी अजून चुकून तिकडे जातात. अर्जाबरोबर मृत्युपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, कॉलेजचं प्रवेशपत्र आणि फीचं वर्षवार पत्रक लावा. 'शिक्षणासाठी पैसे हवेत' असा मोघम अर्ज करू नका. पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, होस्टेल किती, असं मांडलेलं असेल तर काम सोपं होतं. प्रश्न साधा असेल आणि फक्त सल्लाच हवा असेल, तर विश्वस्त कायद्याच्या कलम ३४ खाली विश्वस्त न्यायालयाचं मत मागू शकतो.

घरातल्या सगळ्यांची संमती आहे. तरीही कोर्ट?

सगळे सज्ञान असतील आणि सगळ्यांनी लेखी संमती दिली असेल तर नाही. विश्वस्त कायद्याच्या कलम ११ प्रमाणे सर्व लाभार्थी मिळून विश्वस्ताला मृत्युपत्रातल्या सूचनांपेक्षा वेगळं वागू देऊ शकतात. एकही लाभार्थी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने संमती न्यायालयच देतं. तोंडी संमतीवर जाऊ नका. तेराव्याला सगळे हो म्हणतात. वर्षश्राद्धापर्यंत सूर बदललेले असतात.

कोणत्या कारणासाठी देणं योग्य, कोणत्या नाही?

फी, होस्टेल, ऑपरेशन, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात खोलीचं डिपॉझिट, दुकान टाकायला भांडवल, वकिली किंवा दवाखाना सुरू करताना लागणारं सामान: ही सगळी आयुष्य उभं करणारी कारणं आहेत. लग्नाचा खर्च कायद्यात नावानिशी आहे, पण 'वाजवी' या शब्दासकट. बाइक नाही. आयफोन नाही. मित्रांबरोबर थायलंड नाही. दुकानासाठी मागणाऱ्याला भाडेकरार आणि खर्चाचा कागद आणायला सांगा. ज्याला खरंच दुकान टाकायचं आहे तो दोन दिवसांत आणतो.

इथे वारसा कायद्याचं कलम १३८ लक्षात ठेवा. आजोबांनी मुलीला रक्कम पूर्णपणे दिली असेल आणि 'यातून घर घ्यावं' किंवा 'धंद्यात घालावी' असं लिहिलं असेल, तर ती सज्ञान मुलगी 'घर नको, रोख द्या' म्हणू शकते. तुम्हाला आवडो न आवडो, द्यावी लागते.

पैसे कसे द्यावेत?

रोख कधीही नाही. मुलाच्या खात्यातही शक्यतो नाही. थेट कॉलेजच्या खात्यात. चांगला एक्झिक्युटर कसं करतो ते सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांची दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर पुतणीचं हस्ताक्षरातलं मागणीपत्र चिकटवलेलं: कशासाठी, किती, कधीपर्यंत. उजव्या पानावर काकांचे तीन-चार ओळींचे कारण: व्याजातून भागत नव्हतं, मृत्युपत्राचा अमुक परिच्छेद अधिकार देतो, पुतणीच्या वाट्यात एवढे शिल्लक राहतात. त्याखाली बँकेचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा, क्रमांक, आणि आठवड्याने आलेली फीची पावती टाचणीने लावलेली. शेवटी पुतणीची सही, 'माझ्या वाट्यापोटी मिळाले'. वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर वही उघडायची.

'उसने' म्हणून दिले तर?

टाळा. उसने दिले की परत मागावे लागतात, व्याज ठरवावं लागतं, आणि सज्ञान नसलेल्याशी केलेला करार टिकत नाही. द्यायचे तर वाट्यातले आगाऊ म्हणून द्या, नाहीतर 'नाही' म्हणा. फार तळमळ असेल तर स्वतःच्या खिशातून द्या आणि विसरा.

तीन नातवंडं आहेत. थोरल्याला आधी दिलं तर धाकट्यांवर अन्याय नाही का?

हिशोब नीट केला तर नाही. समजा एकत्र निधीत तिघांचे समान वाटे आहेत आणि थोरल्याला कॉलेजसाठी सहा लाख आधी दिले. वाटपाच्या दिवशी खात्यात ३६ लाख आहेत. त्यात दिलेले सहा कागदावर परत मिळवा: ४२. प्रत्येकी १४. थोरल्याला ८, धाकट्या दोघांना १४-१४. सहा लाखांवर मधल्या वर्षांचं व्याज धरायचं की नाही यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात, तेव्हा ते मृत्युपत्रातच लिहिलेलं बरं. लिहिलेलं नसेल तर पैसे देतानाच तिघांच्या घरच्यांसमोर ठरवून वहीत नोंदवा. सगळ्यांना सारखं वागवणं विश्वस्ताला बंधनकारक आहे. पण सारखं म्हणजे एकाच दिवशी एकाच रकमेचा चेक असं नाही. आजारी नातवाला आधी देणं हा पक्षपात ठरत नाही.

मधल्या वर्षांचं व्याज कुणाचं?

पुढच्या तारखेला द्यायच्या रकमेचं मधलं व्याज सहसा उरलेल्या मिळकतीत जातं. पण देणारे आईवडील किंवा आजी-आजोबा असतील आणि घेणारा अज्ञान असेल, तर वारसा कायद्याच्या कलम ३५२ च्या अपवादाने मृत्यूच्या दिवसापासूनचं व्याज मुलाचं. त्याच्या पालनपोषणाला वेगळी रक्कम ठेवली असेल किंवा उलट सूचना असेल तर नाही. हिंदू मृत्युपत्रात व्याजाचा दर कायद्याने वर्षाला सहा टक्के ठरवला आहे.

एक्झिक्युटर अडून बसलाय, कारणही सांगत नाही. काय करता येईल?

'नाही' म्हणायचा त्याला अधिकार आहे, लहरीने म्हणायचा नाही. मृत्युपत्राने दिलेला विवेकाधिकार विश्वस्ताने वाजवीपणे आणि सद्भावाने वापरला नाही, तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे न्यायालय त्यात हात घालू शकतं. एक्झिक्युटरला काढून टाकायचं असेल तर वारसा कायद्याच्या कलम ३०१ खाली उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याला अहमदाबादला, जावं लागतं. त्याआधी लेखी विचारणा करा आणि महिन्याची मुदत द्या. बरेच काका कागद पाहिल्यावर नरम पडतात. काही काका खरंच घाबरलेले असतात, आणि त्यांची भीती वर सांगितलेल्या कारणांनी रास्तही असते.

दोन एक्झिक्युटर आहेत, एक कॅनडात. एकट्याने दिलं तर?

पैसे विश्वस्त म्हणून धरलेले असतील तर दोघांची संमती हवी. ईमेलवर घ्या आणि छापून फाइलला लावा.

एफडीला नातू नॉमिनी आहे. मग मृत्युपत्र कशाला पाहायचं?

बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. मालकी त्याने ठरत नाही. रक्कम मृत्युपत्राप्रमाणेच वाटायची.

घर विकून नातवाला पैसे देता येतील?

मृत्युपत्रात विक्रीला मनाई असेल तर नाही, जोवर प्रोबेट घेऊन न्यायालयाची लेखी परवानगी मिळत नाही. घर अज्ञान मुलाच्या नावावर झालेलं असेल तर आईवडिलांनाही १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेली विक्री मुलगा मोठा झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो.

आधी मिळालेल्या पैशावर टॅक्स?

वारसाने मिळालेल्या रकमेवर नाही. एस्टेट ड्युटी, म्हणजे मयताच्या मिळकतीवरचा कर, १९८५ मध्येच गेली. त्या पैशावर पुढे मिळणाऱ्या व्याजावर मात्र टॅक्स आहे, आणि अज्ञान मुलाचं व्याज सहसा आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरलं जातं.

आत्या लंडनला वारल्या. तिथला एक्झिक्युटर म्हणतो की तो सगळा वाटा आधी देऊ शकतो. खरं आहे?

खरं असू शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ट्रस्टी अॅक्ट १९२५ च्या कलम ३२ प्रमाणे विश्वस्ताला, मृत्युपत्रात काही लिहिलं नसलं तरी, लाभार्थ्याच्या भल्यासाठी मुद्दलातून आधी देता येतं. पूर्वी निम्म्या वाट्यापर्यंतच. १ ऑक्टोबर २०१४ पासून निर्माण झालेल्या ट्रस्टना पूर्ण वाट्यापर्यंत. हक्क अटीवरचा असला तरी चालतं. त्या पैशाचं उत्पन्न आधी दुसऱ्या कुणाला हयातभर मिळायचं असेल, तर त्या व्यक्तीची लेखी संमती लागते. आपल्या १८८२ च्या कायद्यात असं सरसकट कलम नाही. म्हणून लंडनच्या आतेभावाला मिळाले तर मला का नाही, हा वाद बडोद्यातल्या एक्झिक्युटरशी घालून उपयोग नाही.

मी आता मृत्युपत्र करतोय. काय लिहू?

असं काहीतरी, आपल्या वकिलाला दाखवून:

'माझा नातू याला मी वीस लाख रुपये देत आहे. ही रक्कम त्याच्या हाती पंचवीस वर्षं पूर्ण झाल्यावर द्यावी. त्याआधी तो वारल्यास शिल्लक रक्कम त्याच्या बहिणीला द्यावी. दरम्यानचं व्याज त्याच्या शिक्षणासाठी वापरावं. त्याचं शिक्षण, औषधोपचार, लग्न किंवा व्यवसाय यासाठी माझ्या एक्झिक्युटरना योग्य वाटेल तेव्हा मुद्दलातूनही निम्म्यापर्यंत रक्कम आधी देता येईल. त्यासाठी कुणाची संमती लागणार नाही. तो अज्ञान असेपर्यंत रक्कम थेट संस्थेला किंवा त्याच्या आईला द्यावी, आणि त्यांची पावती पुरेशी मानावी. आधी दिलेली रक्कम बिनव्याजी त्याच्या वाट्यातून वजा करावी.'

बहिणीची ओळ असल्यामुळे नातू अठराव्या वर्षी एकट्याने सगळं मागू शकत नाही. मुद्दलाची ओळ असल्यामुळे मामांना प्रत्येक फीला दिवाळीपुऱ्याला जावं लागत नाही. निम्म्याऐवजी पूर्ण लिहायचं असेल तर लिहा, पण मग मामा विचार करून निवडा.

मृत्युपत्र आधीच झालंय, रजिस्टरही केलंय. आता ही ओळ घालता येईल?

येईल. पुरवणी मृत्युपत्र करा. त्यावर तुमची सही, आणि तुम्हाला सही करताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या, मूळ मृत्युपत्राला लागल्या होत्या तशाच. मूळ मृत्युपत्राची तारीख आणि नोंदणी क्रमांक पुरवणीत लिहा आणि ती मूळ कागदाबरोबरच ठेवा. रजिस्टर करणं सक्तीचं नाही. मूळ केलेलं असेल तर हीही करून टाका.